दीड नंबर लहान

पुण्यात एवढी माणसं राहतात, पण माणसाच्या चेहऱ्याआधी त्याची पावलं बघणारा आणि पुढे त्याला पावलांवरूनच लक्षात ठेवणारा गृहस्थ मला एकच भेटला. तो भेटला नोकरीच्या पहिल्याच सकाळी. मी परांड्याहून नुकताच आलो होतो. बिबवेवाडीत एका खोलीत कॉट मिळाली होती. खोलीतले बाकीचे तिघे रात्रपाळीचे, त्यामुळे आमची भेट व्हायची ती बाथरूमच्या दाराशी. नोकरी हिंजवडीला. कंपनीच्या बसमध्ये चढलो तर एकच जागा रिकामी होती. ती रिकामी का होती हे मला पुढे कळलं. खिडकीशी एक उंच, किडकिडीत, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले गृहस्थ बसले होते. मी शेजारी टेकलो तसं त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बुटात पुढे हवा आहे तुमच्या. काढा बघू."

मला वाटलं, कंपनीचे लोक बसमध्येच काहीतरी तपासत असतील. मी बूट काढले, मोजेही काढले. मंडईत आंब्याची पेटी बघावी तशी त्यांनी मान वाकवून माझी पावलं दोन्ही बाजूंनी पाहिली. "काय सुरेख पाऊल आहे हो! लहानपणी अनवाणी हिंडलात ना?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील एका कापडाच्या दुकानात गाठोडी उचलत. मी अनवाणी शाळेत जायचो हे कॉलेजात कुणाला कळू दिलं नव्हतं आणि इथे तर ते बोलायचंच नाही असं ठरवून आलो होतो. पण ऐन वेळी दुसरं काही सुचेना. "हो," म्हणालो, "सातवीपर्यंत."

"उत्तम. पंजा कसा पसरलाय बघा. इथल्या पोरांची बोटं पाकिटात घालून चिकटवल्यासारखी असतात." एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं आणि हिंजवडी येईपर्यंत एक शब्द काढला नाही. पुण्याने मला दिलेली ती पहिली शाबासकी. ती पायांना मिळाली म्हणून काय झालं, त्या दिवशी ऑफिसात मी जरा ताठ चाललो.

ते आमच्याच कंपनीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्या विभागात वरच्या जागेवर होते. पन्नाशीला टेकलेले, बिबवेवाडीतच एका सोसायटीत एकटे राहणारे. त्यांना काय म्हणायचं हा माझ्यापुढे प्रश्नच होता. आमच्याकडे अशा माणसाला सर म्हणतात. मी म्हटलं. तर म्हणाले, "सर नका म्हणू. मी तुम्हाला अजून काही शिकवलेलं नाही."

"मग काय म्हणू?"

"अहो म्हणा. पुण्यात अहोवर सगळं भागतं."

तेव्हापासून मी त्यांना अहो म्हणू लागलो. "अहो, जरा सरकता का?" असं मी म्हटलं की मागच्या बाकावरच्या मुली खुदखुदत. एकीने एकदा विचारलंच, "यांचं लग्न कधी झालं?" मागे न वळता हे म्हणाले, "बोलणी चालू आहेत. पायाचं माप जुळलंय." स्वतःच्या खऱ्या लग्नाबद्दल मात्र ते एवढंच सांगत की एकदा ठरलं होतं, मग मुलीने घरी येऊन चपलांचा स्टँड पाहिला. त्यापुढची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही आणि मलाही विचारावीशी वाटली नाही.

पावलांवरून आणि पादत्राणांवरून त्यांना काय काय कळायचं याला सीमा नव्हती. ऑफिसातल्या एकाच्या लग्नाला आम्ही गेलो तेव्हा कार्यालयाच्या दारातला चपलांचा ढीग त्यांनी पंचांग बघावं तसा मन लावून पाहिला. म्हणाले, "आपल्या विभागातले सगळे आलेत. मॅनेजर यायचेत अजून. आणि मुलाकडचं कुणीतरी वडीलधारं माणूस रागावून लवकर निघणार आहे." मी विचारलं, हे कशावरून? एका कोपऱ्यातल्या जुन्या कोल्हापुरी जोडाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तोंड रस्त्याकडे करून ठेवल्यात बघा. माणूस आत येतानाच जायच्या तयारीने आलाय." आणि खरोखरच मुलाचे एक काका मानपानावरून काहीतरी बोलून जेवणाआधीच निघाले आणि नेमक्या त्याच चपला पायात सरकवून चालते झाले.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचं एक वेड होतं, ते म्हणजे कातळ चढायचे बूट. ते चढत. डोंगरावर चालत जाणं वेगळं. हे उभ्या कातळावर बोटांच्या टोकांनी चढणं. त्यातला बोल्डरिंग म्हणून एक प्रकार ते आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी करत. त्यात फार उंच नसलेल्या शिळेवर, किंवा तशाच बांधलेल्या भिंतीवर, दोराशिवाय चढायचं. खाली जाड गादी असते. पडलं तर गादीवर पडायचं, उठायचं, हाताला पांढरी पूड लावायची आणि पुन्हा चढायचं. मला हे प्रथम कळलं तेव्हा वाटलं, एवढं शिकलेला माणूस हे कशासाठी करत असेल? पण बुटाविषयी ते बोलू लागले की असं वाटायचं, जगात करण्यासारखं काम हेच, आपण उगाच कॉम्प्युटरसमोर बसलोय. भिंत सरळ असते तोवर ठीक, ते सांगत, पण जिथे ती डोक्यावर झुकते, छतासारखी होते, तिथे नुसतं हातांनी लोंबकळून भागत नाही, पायाच्या अंगठ्याने कातळ आपल्याकडे ओढावा लागतो. त्यासाठी बूट पोपटाच्या चोचीसारखा खाली वळलेला हवा. सगळा जोर अंगठ्यावर यायला हवा. टाचेत हवा राहता कामा नये, कारण कधी कधी टाच हातासारखी अडकवावी लागते. तळ इतका पातळ हवा की खालचा खडा कळला पाहिजे, पण इतकाही नको की बारीक कंगोऱ्यावर दुमडेल. भिंतीवरच्या मोठ्या रंगीत पकडींना मऊ बूट बरा, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाला जरा ताठ. दोन्हीकडे चालणारा बूट शोधणं म्हणजे सासूला आणि सुनेला, दोघींना आवडेल अशी भाजी करणं. चामड्याचा बूट सैल पडतो, तो आणखी लहान घ्यायचा. कृत्रिम कापडाचा आहे तसाच राहतो. बघायचा तो संध्याकाळी, पाय दिवसभराचा फुगलेला असताना. मोजे घालायचे नाहीत. "बोटं किंचित दुमडली पाहिजेत. पायाने कुरकुर करावी, किंकाळी फोडू नये." आणि नंबर? रोजच्या बुटापेक्षा दीड नंबर लहान.

हा दीड नंबर माझ्या गळी उतरायला वेळ लागला. आमच्याकडे बूट जूनमध्ये घ्यायचा आणि एक नंबर मोठा घ्यायचा अशी रीत. आठवीत मला पहिला बूट घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, "मापाचा हाय बघा." त्यावर माझे वडील म्हणाले, "मापाचा नगं. पोरगं वाढतंय, थोरला द्या." पुढे कागदाचे बोळे घालायचे आणि दोन वर्षं काढायची. बूट म्हणजे उद्याची सोय. मुद्दाम लहान बूट घेणारा शहाणा माणूस मी पाहिला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे तुमच्या वडिलांचं. त्यांना तुम्ही वाढणार याची खात्री होती." मी तेव्हा खिडकीबाहेर बघितलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि बसमध्ये ते बरं दिसलं नसतं.

पण ही मोठ्या मापाची माया फक्त परांड्यात असते असंही नाही. त्या वेळी कातळ चढायचे बूट आपल्याकडे सहज मिळत नसत. परदेशातून कुणी येणार असलं की सांगून ठेवायचं. यांची एक मावसबहीण अमेरिकेत होती. तिला त्यांनी फोनवर तीन वेळा नंबर सांगितला, बुटाचं चित्र पाठवलं, वरून बजावलं की दुकानदार जे म्हणेल ते ऐकू नकोस. ती दिवाळीत आली. यांनी खोका उघडला तर आत दोन नंबर मोठा, गुबगुबीत, फिरायला जायचा पांढरा जोड. बहीण कौतुकाने म्हणाली, "अरे, तू घाईत चुकून लहान नंबर सांगितलास. आणि तो वाकडा बूट काय घ्यायचा? मी बदलून आणला. आता मोजे घालूनसुद्धा छान बसेल." हे म्हणाले, "मोजेच काय, शेजारीसुद्धा बसतील." पण बहिणीने सात समुद्र ओलांडून आणलेला बूट परत कसा करणार? ती पुण्यात होती तोवर हे रोज तो पांढरा जोड घालून बसमध्ये आले. प्रत्येक पावलाला टाच बाहेर यायची, आणि चेहरा असा की जणू कुणाच्या दहाव्याला निघालेत.

आता ती बसमधली जागा रिकामी का असायची ते सांगतो. चढायचे बूट ते मोज्यांशिवाय घालायचे आणि घामेजल्यावर तसेच पिशवीत ठेवायचे. पिशवी यांच्या पायाशी असायची. चांदणी चौकात बस अडकली आणि खिडक्या बंद असल्या की हळूहळू सगळ्या बसला बातमी लागायची. एकदा ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "साहेब, काय मेलंय का तिथं?" हे शांतपणे म्हणाले, "नाही. अजून जिवंत आहे." मी मात्र तिथेच बसत राहिलो. गावात, गोठ्यांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला वासाचं फारसं काही वाटत नाही. शिवाय दिवसभरात माझ्याशी कामाखेरीज बोलणारं माणूस तेच. रविवारी तर मेसवाल्याच्या "पोळी वाढू का?" या प्रश्नापलीकडे मला उद्देशून एक शब्द कानावर पडत नसे. मी दुसऱ्या पोळीला मुद्दाम आधी नाही म्हणायचो, म्हणजे तो आणखी एकदा विचारायचा.

नवा जोड आला की तो पायाला सवयीचा व्हायला हवा म्हणून ते घरी घालून हिंडत. बातम्या बघताना घालायचा, भांडी घासताना घालायचा, दूध घ्यायला दार उघडायचं ते लंगडत. असं वर्षानुवर्षं चाललेलं. साहजिकच सोसायटीने ठरवून टाकलं की यांना संधिवात आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दर गुरुवारी वाटीत कसलंसं तेल गरम करून आणून द्यायच्या आणि दारात उभ्या राहून विचारायच्या, "आज कसं आहे?" हे सांगायचे, "डावा जरा बरा आहे. उजवा अजून धरतो." मी एकदा त्यांच्या घरी बसलेलो असताना हे घडलं. काकू गेल्यावर मी म्हटलं, "अहो, तुम्हाला तर काहीच झालेलं नाही. खरं सांगून टाका ना."

त्यांनी तेलाची वाटी ओट्यावर ठेवली. तिथे तशाच तीन वाट्या होत्या. म्हणाले, "खरं सांगितलं तर गुरुवारी कशाला येतील त्या?"

त्यांची आई गेल्यापासून त्या घरात चहाचे दोन कप एकदम वापरले गेले असतील तर ते मी गेलो तेव्हाच, हे कपांच्या रंगावरून कळत होतं. एक पिवळा पडलेला, एक नवा कोरा.

ज्या भिंतीवर ते चढायला जात तिथे त्यांच्याबरोबर मीही अधूनमधून जाऊ लागलो. मी चढत नसे, गादीच्या कडेला बसत असे. तिथे सगळी कॉलेजची पोरं. त्यांच्यात हे काका म्हणून प्रसिद्ध होते. "काका, हा बघा ना, टाचेला लूज वाटतोय." "काका, वेलक्रोचा घेऊ की लेसचा?" मग हे त्या पोराचा पाय मांडीवर घ्यायचे, बूट चढवायचे, टाच अंगठ्याने दाबायचे, बोटांवरून हात फिरवायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी दुसरीकडे पाहिलं नाही. "तुझं दुसरं बोट लांब आहे. हा तुला नाही. तो निळा घे." सांगितलेला बूट प्रत्येकाला बरोबर बसायचा. पोरं "थँक्स काका" म्हणायची, उड्या मारत भिंतीकडे जायची, आपापसांत चढायची, ओरडायची, नंतर एकत्र भुर्जी खायला जायची. काकांना घेऊन जायचं त्यांच्या मनात येत नसे. त्यात वाईट हेतू नव्हता. आपल्या मास्तरांनाही आपण कधी भुर्जी खायला बोलावत नाही. हे गादीवर एकटे उरायचे आणि स्वतःच्या बुटाची टाच दाबून बघायचे.

गंमत अशी की साऱ्या पुण्याचे बूट ठरवून देणाऱ्या या गृहस्थांचा स्वतःचा बूट काही ठरत नव्हता. तो ठरायला हवा होता एका कड्यासाठी. पौड रस्त्याने बरंच पुढे गेल्यावर एका गावामागे काळ्या दगडाचा पुढे झुकलेला कडा आहे. त्यावरची एक वाट त्यांना चढायची होती. कॉलेजात असल्यापासून चढायची होती. एक मित्र होता, दोघे मिळून जायचे, एक चढायचा आणि दुसरा खाली दोर धरायचा. तो मित्र कॅनडात गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हापासून हे म्हणत, "योग्य बूट मिळाला की जाऊ." एक बूट आला, तो फार मऊ निघाला. पुढचा ताठ. त्याच्या पुढचा रुंद. बूट येत होते, घरात भांडी घासताना फिरवले जात होते, स्टँडवर जाऊन बसत होते आणि कडा होता तिथेच होता.

मग एका हिवाळ्यात त्यांना हवा तसा बूट आला. आमच्या कंपनीचा एक मुलगा कामासाठी जर्मनीला गेला होता, यांनी जसा सांगितला तसाच, त्याच नंबरचा त्याने आणला. आठवडाभर हे बसमध्ये त्या बुटाबद्दल काहीच बोलले नाहीत. तक्रारच नव्हती. मी शुक्रवारी विचारलं, "मग जायचं ना आता कड्यावर?"

त्यांनी पिशवीची चेन ओढून पाहिली. मग म्हणाले, "डावी टाच जरा हवा धरतेय."

एव्हाना मलाही थोडं कळू लागलं होतं. मी पिशवीतून बूट काढला आणि म्हटलं, "घाला." त्यांनी घातला. मी टाच दाबली. अंगठा आत जाईना. सगळ्या बाजूंनी दाबून पाहिली. "अहो, कुठेय हवा?"

पाय तसाच माझ्या मांडीवर, आणि ते खिडकीबाहेर बघत राहिलेले. बस चांदणी चौकाच्या गर्दीत उभी होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बूट ठरला की पुढचा प्रश्न येणार होता आणि इतकी वर्षं बुटाच्या आडून ते त्या प्रश्नालाच टाळत होते.

"खाली दोर कुणी धरायचा, हेच ना?" मी विचारलं.

"त्याला माणूस लागतो," ते म्हणाले.

"त्या पोरांपैकी कुणाला म्हणायचं."

"त्यांचं त्यांचं ठरलेलं असतं हो. आणि असं कुणाला म्हणायचं कसं? रविवार मोडायचा, दोन तास वर तोंड करून उभं राहायचं, ते कुणासाठी? बुटवाल्या काकांसाठी?"

"मी धरतो."

त्यांनी पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला येत नाही."

"शिकतो. आमच्याकडे विहिरीत माणूस उतरवताना दोर धरलेला आहे मी."

"तिथे माणूस खाली जातो."

"पण दोर तोच ना?"

"असं सहज म्हणायचं नसतं हे. मी वर असेपर्यंत दोरावरचा हात काढायचा नाही. फोन घ्यायचा नाही. मधमाशी चावली तरी नाही. नंतर कंटाळा आला म्हणून चालत नाही."

"रविवारी मला दुसरं काय असतं?" मी म्हणालो. हे मी त्यांच्या समाधानासाठी म्हटलं नव्हतं.

पुढचे काही आठवडे मी त्यांच्या भिंतीशेजारच्या, दोर बांधून चढायच्या उंच भिंतीखाली दोर धरायला शिकलो. शिकवताना यांच्या जिभेला चांगलीच धार असायची. "छान. या वेगाने सोडलात तर मी पोचायच्या आधी माझी बातमी पोचेल." "दोर धरायचाय, म्हशीचं दावं नाही. नाही नाही, म्हशीचं दावंसुद्धा तुम्ही यापेक्षा बरं धरत असाल." एकदा मात्र मी सगळं बरोबर केलं तेव्हा ते म्हणाले, "आता सर म्हणायला हरकत नाही." पण तोवर मला अहोची सवय झाली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून गेलो. गावात चहा घेतला आणि कड्याखाली पोचलो. ऊन नुकतंच दगडावर आलं होतं. त्यांनी बूट घालायला इतका वेळ लावला की वाटलं, आता पुन्हा टाचेत हवा सापडणार. पण ते उठले, माझ्या कमरेच्या पट्ट्याची गाठ ओढून पाहिली, मग स्वतःची मला ओढायला लावली, आणि चढू लागले. पन्नाशीचा तो लंगडणारा, संधिवाताचा माणूस कातळावर असा सरकत गेला की मी दोर सोडता सोडता क्षणभर बघतच राहिलो. कातळात ठोकलेल्या लोखंडी कड्यांमध्ये दोर अडकवत ते झुकलेल्या भागाखाली पोचले. तिथे अंगठा एका कंगोऱ्यावर, टाच डोक्याच्या उंचीवर अडकवलेली, असे काही क्षण राहिले. मग पाय सुटला.

दोराचा हिसका असा बसला की मी जमिनीवरून हातभर वर उचलला गेलो. पण हात सुटला नाही. ते कड्यापासून दूर, हवेत, हळूहळू गिरकी घेत लोंबत होते. मी ओरडलो, "लागलं का?"

"नाही."

"खाली घेऊ?"

"थांबा जरा."

मग मी पाहिलं, ते हवेत बसल्या बसल्या वाकून बूट काढत होते. इतक्या वर्षांनी मिळालेला तो बूट त्यांनी काढून कमरेला अडकवला, दुसराही काढला आणि अनवाणी पाय खाली सोडले. बोटं हलवली. मी विचारलं, "बोटं दुखतायत का?" ते म्हणाले, "नाही हो. बूट उत्तम आहे. चूक माझी होती. आता वय झालं." आणि तिथे लोंबत लोंबत ते बोलू लागले. बुटांबद्दल नाही. आई शेवटी शेवटी त्यांना आपला भाऊ समजून हाक मारायची, ते सांगितलं. कॅनडातल्या मित्राला दर वाढदिवसाला फोन करायचे, मग एका वर्षी वेळेचं गणित चुकून तिकडे त्याची झोपमोड झाली, तेव्हापासून धीर झाला नाही, ते सांगितलं. त्या लग्न ठरलेल्या मुलीचं नाव सांगितलं. माझ्या खिशातला फोन मध्येच वाजू लागला.

"तुमचा फोन वाजतोय," ते वरून म्हणाले.

"वाजू दे."

"घरून असेल."

"वाजू दे हो."

फोन वाजून थांबला. खाली गावात कुणीतरी गुरांना हाकारत होतं. मान वर करून करून मला रग लागली होती, पण "उतरा आता" असं काही मला म्हणवेना, आणि त्यांनाही उतरायची घाई नव्हती.

त्यानंतर दोन हिवाळे आम्ही जात होतो. वाट त्यांना पूर्ण चढता आली नाही, पण झुकलेल्या भागाच्या वरच्या कडेपर्यंत हात पोचायला लागला होता. नवा बूट त्यांनी घेतला नाही. मग माझं लग्न झालं. बायको वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते, म्हणून आम्ही तिकडे घर घेतलं आणि मीही नोकरी बदलली. वाघोली आणि बिबवेवाडी नकाशात एकाच शहरात आहेत, एवढंच. पुढे मुलगी झाली. रविवारी तिची लस, सासऱ्यांचं येणं, सोसायटीची मीटिंग. तरी शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "उद्या मोकळे आहात का?" ज्या माणसाला कुणाला असं विचारणं म्हणजे कड्यापेक्षा अवघड, तो माणूस विचारायचा. मी बहुतेक वेळा नाही म्हणायचो, कारण सांगायचो. ते म्हणायचे, "असू दे. नुसतं विचारलं," आणि मुलीच्या पावलाचं माप किती झालं ते विचारून फोन ठेवायचे.

गेल्या महिन्यात मी ठरवून एक रविवार मोकळा काढला. बायकोला सांगितलं, गाडीत पेट्रोल भरून ठेवलं. शनिवारी संध्याकाळी फोनची वाट पाहिली. आला नाही. जेवणं झाली तरी आला नाही. मनात नको नको ते आलं, म्हणून मीच केला.

"अहो, तुमचा फोन नाही आला आज."

"हां, राहिलंच बघा." मागे कुणीतरी हसत होतं, भांड्यांचे आवाज येत होते. "अहो, एक जण मिळालाय. भिंतीवर येतो, नवीनच आहे, लातूरकडचा. मीच विचारलं त्याला, रविवारी काय करतोस? म्हणाला, काही नाही. आता इथेच आलाय जेवायला, पहाटे निघू. दोर बरा धरतो. तुमच्याइतका नाही, पण शिकेल." मग म्हणाले, "तुम्हीही या ना. तिघं जाऊ."

मी म्हटलं, "नाही हो, उद्या जरा कामच आहे."

फोन ठेवला. बायको मुलीला थोपटत होती. तिने हळू आवाजात विचारलं, "किती वाजता निघताय?"

"जात नाही," मी म्हटलं. "त्यांचं जमलं."

"मग चांगलंच झालं की."

चांगलंच झालं होतं. मी गॅलरीत जाऊन थोडा वेळ नुसता उभा राहिलो.